मुंबई सिटी एफसी: एकेक हंगाम, २०१४ पासून २०२५ पर्यंत

नेरूळकर

जुलै २०२५ मध्ये बातमी आली की आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगचा, नवा हंगाम तूर्त थांबवला आहे. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि तेव्हा लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. दरवर्षी या दिवसांत आपण नवे खेळाडू कोण, पहिली मॅच कधी यावर बोलत असतो. २०२५ मध्ये ते नव्हतं, म्हणून म्हटलं जुनी उजळणी करू.

दुसरं कारण माझा भाचा. त्याने परवा विचारलं, "मामा, आपला सगळ्यात भारी सीझन कुठला?" मी क्षणात २०२२-२३ म्हणालो. तो म्हणाला, "पण त्या वर्षी कप कुठे जिंकला?" मला नीट उत्तर देता आलं नाही. ते या धाग्यात शोधतो. चुकलो तर सुधारा, राहिलं तर भर घाला.

२०१४. क्लब जन्माला आला तो लीगसोबतच. मालक रणबीर कपूर आणि बिमल पारेख, कोच पीटर रीड. लीगच्या इतिहासातली पहिलीच मॅच आपली, १२ ऑक्टोबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर अ‍ॅटलेटिको दी कोलकाताविरुद्ध (थोडक्यात एटीके). ०-३ हरलो. मोठं नाव होतं फ्रेडी युंगबर्ग, पण दुखापतींनी त्याला फार खेळू दिलं नाही. निकोला आनेल्का बंदीमुळे सुरुवातीच्या मॅचना नव्हता. तरी सहा दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, डी. वाय. पाटीलवर पुण्याला ५-० हरवलं. आंद्रे मॉरित्झची हॅट्ट्रिक, लीगमधली पहिली. घर जवळ म्हणून सहज गेलो होतो. परत आलो तो या क्लबचा होऊन. त्या हंगामात १४ मॅचमध्ये आपले गोल झाले १२, त्यातले पाच त्या एका संध्याकाळचे. शेवटी सातवा नंबर.

२०१५. आनेल्का खेळाडूही आणि कोचही. लिलावात सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं आणि त्याने नॉर्थईस्टविरुद्ध हॅट्ट्रिक केली. आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूची ती पहिली हॅट्ट्रिक. पण त्याच हंगामात फातोर्ड्यावर गोव्याकडून ०-७. सहावा नंबर.

२०१६ वर सावकाश लिहायचंय, त्यामुळे उद्या.

बालेवाडी_पूर्व_स्टँड

छान धागा, वाचतोय. त्या ५-० ला मी पुण्याहून येऊन तुमच्या समोरच बसलो होतो, पाहुण्यांच्या बाजूला. मी एफसी पुणे सिटीचा माणूस. परतीच्या गाडीत घाट संपेपर्यंत कुणी बोललं नव्हतं. पुढचं लिहा, मलाही सांगण्यासारखं आहे, पण ते वेळ आल्यावर.

रेवती_के

नेरूळकर दादा, २०१४ च्या आधीचं एक वाक्य तरी हवं होतं. मुंबईत फुटबॉल काही त्या वर्षी आला नाही. कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ कंपनीने बंद केला. माझे बाबा महिंद्राचे. आयएसएल आली तेव्हा ते म्हणाले होते, "हेही चार वर्षांत गुंडाळतील." म्हणून मला प्रत्येक हंगाम मोजावासा वाटतो. नुसतं टिकणं हीसुद्धा या शहरात कमाई आहे.

नेरूळकर

रेवती ताई, बरोबर. ते राहिलं, आणि मुंबई एफसी हा वेगळा क्लबही सांगायचा राहिला. आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगमधून २०१७ मध्ये खाली गेला तो गेलाच.

२०१६. माझ्या मते क्लबची खरी पायाभरणी इथे झाली. कोच अलेक्सांद्रे गिमारायश, मार्की, म्हणजे संघाचं सगळ्यात मोठं नाव, दिएगो फोर्लान, म्हणजे २०१० च्या वर्ल्ड कपमधला सर्वोत्तम खेळाडू. आणि आपण नेरूळ सोडून अंधेरीच्या क्रीडा संकुलात आलो. मला पाऊण तास लांब पडलं, पण तक्रार नाही. डी. वाय. पाटीलच्या भल्यामोठ्या वाडग्यात आवाज हरवायचा. अंधेरीला मैदान छोटं, थ्रो-इन घेणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.

फोर्लान ३७ वर्षांचा होता. पळायचा कमी, पण बॉल आला की पुढचं सगळं त्याला आधीच ठाऊक असायचं. केरळला ५-० हरवलं त्यात त्याची हॅट्ट्रिक. मागे लुशियन गोयान, गोलमध्ये अमरिंदर सिंग, ज्याला त्या वर्षी सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह मिळाला. १४ मॅचमध्ये २३ गुण आणि टेबलमध्ये पहिला नंबर.

मग सेमी, दोन लेगची, म्हणजे दोन मॅचची. कोलकात्याच्या रवींद्र सरोवरवर एटीकेने ३-२ हरवलं आणि फोर्लानला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे परतीच्या लेगला बाहेर. अंधेरीत एटीकेचा रॉबर्ट पहिल्या हाफमध्येच लाल कार्ड घेऊन गेला. उरलेला सगळा वेळ आपण अकरा, ते दहा. एक गोल हवा होता. ०-०. एटीके पुढे कप घेऊन गेले.

एक लक्षात घ्या. तेव्हा लीग शील्ड, म्हणजे टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्या संघाची ट्रॉफी, नव्हतीच, ती २०१९-२० पासून सुरू झाली. कप मात्र सेमी आणि फायनल जिंकणाऱ्याला. पहिल्या नंबरला फक्त सेमीचं तिकीट मिळायचं. शील्ड असती तर ती २०१६ लाच आपल्याकडे आली असती.

२०१७-१८. सातवा. पुढे जाऊ.

डावा_बॅक

२०१७-१८ इतक्यात उरकलंत? अर्थात मलाही फार आठवत नाही. लीग लांबली, संघ दहा झाले, बंगळुरू आणि जमशेदपूर आले, छेत्री बंगळुरूकडून आपल्याविरुद्ध खेळू लागला, एवढंच ठळक.

२०१८-१९ मी लिहू का? तो माझा आवडता हंगाम आहे आणि तो कुणाच्याच यादीत नसतो.

नेरूळकर

लिहा भाऊ, धागा सगळ्यांचा आहे.

डावा_बॅक

२०१८-१९. कोच जॉर्ज कोस्टा, पोर्तोसोबत युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकलेला कप्तान. सेंटर-बॅक होता आणि संघही तसाच बांधला: आधी दार बंद, मग काउंटर. पाउलो मशादो मधे, अर्नोल्ड इसोको उजवीकडून सुसाट, राफाएल बास्टोस, आणि पुढे मोदू सुगू. डिसेंबरमध्ये केरळला ६-१ हरवलं, त्यात एकट्या सुगूचे चार. दोन दिवसांत केरळचे कोच डेव्हिड जेम्स यांची रवानगी झाली. सुगूने त्या हंगामात एकूण १२ गोल केले. आपण तिसरे आलो.

सेमीला गोवा. अंधेरीत बास्टोसने आधी गोल केला. मी वडिलांना फोन करून सांगितलं, झालं, यंदा फायनल. त्यानंतर गोव्याने पाच मारले. १-५. गोव्यात जाऊन १-० जिंकलो, पण त्याचा उपयोग नव्हता.

आता त्या गोव्याच्या संघातली नावं बघा. कोच सर्जिओ लोबेरा. मागे मुर्तदा फॉल, ज्याने त्या रात्री दोन गोल केले. मधे अहमद जाहू. ह्यूगो बुमू. डावीकडे मंदार राव देसाई. दीड वर्षाने हे पाचही जण आपल्या निळ्या जर्सीत होते.

सासष्टीचो_मोग

मी गोव्याचा, मराठी वाचतो म्हणून इथे असतो. त्या उन्हाळ्यात आम्हाला काय वाटलं ते सांगतो. लोबेराने आम्हाला तीन वर्षं असा फुटबॉल दाखवला की हरलो तरी लोक हसत घरी जायचे. जानेवारी २०२० मध्ये क्लबने त्याला काढलं, आणि त्या हंगामाची पहिली शील्ड आम्ही त्याच्याविना जिंकली, त्यानेच उभ्या केलेल्या संघाने. मग तो तुमच्याकडे, आणि मागोमाग बाकीचे. पैसा होता, मान्य. पण ते पैशापेक्षा त्याच्यासाठी गेले असं मला आजही वाटतं. राग तुमच्यावर नव्हता कधी.

नेरूळकर

तुमच्यासारखा माणूस धाग्यावर आला याचा आनंद आहे. पैशाचं आलंच आहे तर:

२०१९-२०. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, मँचेस्टर सिटीचेच मालक. मैदानावर मात्र तो हंगाम हळहळीचा. शेवटच्या घरच्या मॅचला चेन्नईयिनविरुद्ध सेमीची जागा पणाला होती. ०-१ हरलो आणि पाचवे राहिलो. गोल कुणाचा? लुशियन गोयानचा. तीन हंगाम आपल्या बचावाचा खांब, आपला कप्तान, आदल्या वर्षी चेन्नईला गेलेला. गोल झाल्यावर आमच्या स्टँडमध्ये शिवी आली नाही, फक्त शांतता. कोस्टा गेला.

२०२०-२१. कोविड. सगळी लीग गोव्यात, बंद दाराआड, आपलं "घर" बांबोळी. पहिल्याच मॅचला जाहूला लाल कार्ड आणि नॉर्थईस्टकडून ०-१. त्यानंतर गाडी अशी सुटली की बास. मागून जाहूचे पन्नास-साठ यार्डांचे पास, बुमू दोन ओळींच्या मधे सापडायचाच नाही, आणि कॉर्नरला फॉलचं डोकं. बिपिन सिंगची ओडिशाविरुद्ध हॅट्ट्रिक, ६-१.

शेवटच्या लीग मॅचला, २८ फेब्रुवारीला, एटीके मोहन बागान आपल्यापुढे तीन गुणांनी. जिंकलो तरच शील्ड. फॉल, मग ओगबेचे, २-०. दोघांचे ४० गुण, पण समोरासमोरच्या दोन्ही मॅच आपण जिंकलेल्या, म्हणून शील्ड आपली. सेमीत गोवा, २-२ आणि ०-० नंतर पेनल्टींवर ६-५. मग १३ मार्चला फातोर्ड्यावर पुन्हा मोहन बागान. विल्यम्सने त्यांना पुढे नेलं, तिरीच्या स्वयंगोलने बरोबरी, आणि ९० व्या मिनिटाला ओगबेचेने बॉल हिसकावून दिला आणि बिपिनने आत घातला. २-१.

एकाच हंगामात शील्ड आणि कप जिंकणारा पहिला क्लब आपण. आणि स्टेडियममध्ये आपलं कुणीही नव्हतं. मी घरात एकटा ओरडलो, शेजाऱ्यांनी बेल वाजवली.

रेवती_के

त्या फायनलमधलं मला अमेय रानवडे आठवतो. आपल्या मुंबईचा मुलगा. पहिल्या हाफमध्ये जोरदार टक्कर झाली, तो बेशुद्ध पडला, अ‍ॅम्ब्युलन्स मैदानात आली. रिकाम्या स्टेडियममध्ये खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. नंतर तो बरा असल्याचं कळेपर्यंत मी मॅच बघितली नाही, नुसती टीव्हीसमोर बसून होते. ट्रॉफीच्या फोटोंपेक्षा मला ते आठवतं.

डावा_बॅक

२०२१-२२ बद्दल एकच: लीगमध्ये पाचवे आणि तरीही इतिहास घडवला. लोबेरा चीनला गेला, डेस बकिंगहॅम आला, जानेवारीत छांगटे आला. सेमी हुकली. मग एप्रिलमध्ये रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा. सौदीच्या अल-शबाबकडून ०-३ ने सुरुवात. ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मागे पडलो, दिएगो मॉरिसियोची पेनल्टी १-१, आणि पाच मिनिटांनी राहुल भेकेचं हेडर. २-१. या स्पर्धेत मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब. आदल्या वर्षी गोव्याने तीन मॅच बरोबरीत सोडवून दार किलकिलं केलंच होतं, ते श्रेय त्यांचं. अल-शबाबने पुढे सहा मारले, पण गटात आपण सात गुणांसह दुसरे.

गोल कुणाचा होता तेवढं बघा. भेके. मुंबईत जन्मला, मुंबईतच खेळून वर आला.

नेरूळकर

आता २०२२-२३, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

ड्युरंड कप या वेगळ्या स्पर्धेच्या फायनलला बंगळुरूकडून १-२ हरलो. त्यानंतर लीगमध्ये पहिल्या १८ मॅच अपराजित. एकूण २० मॅच, ५४ गोल, ४६ गुण. दोन मॅच हातात ठेवून शील्ड, तीही गोव्यात ५-३ अशी जिंकून. ग्रेग स्ट्युअर्ट बॉलवर उभा राहिला की समोरचा बचाव एक पाऊल मागे जायचा. नोगेरा, पेरेरा दियाझ, मधे जाहू आणि अपुइया, डावीकडे बिपिन, उजवीकडे छांगटे, जो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी अंधेरीला त्या हंगामात एकही घरची मॅच चुकवली नाही. भारतात क्लब फुटबॉल असा खेळताना मी पाहिलेला नाही.

आणि सेमीला बंगळुरू. अंधेरीत छेत्री बदली म्हणून आला आणि कॉर्नरवर हेडर, ०-१. आपलाच २०१५ चा छेत्री. बंगळुरूच्या कांतीरवाला सुरुवातीलाच स्ट्युअर्टची पेनल्टी गुरप्रीतने अडवली, मग गोलही खाल्ला. बिपिनने एक फेडला, मेहताब सिंगने दुसरा, २-१, एकूण २-२. एक्स्ट्रा टाइम, मग शूटआउट. दोन्हीकडचे आठ-आठ बरोबर गेले. नववी किक मेहताबची, ज्याने आपल्याला तिथवर आणलं होतं. गुरप्रीतने अडवली. ८-९.

भाच्याला मी हे सांगू शकलो नव्हतो: २० मॅचच्या टेबलमध्ये नशिबाला लपायला जागा नसते. पाऊस, प्रवास, दुखापती, चुकीचे निर्णय, सगळं पाच महिन्यांत सारखं होऊन जातं. शूटआउट म्हणजे एक रात्र. सर्वोत्तम संघ कुठला ते टेबल सांगतं. म्हणून माझं मत २०२२-२३.

डावा_बॅक

पूर्ण असहमत. आदर ठेवून सांगतो. दडपणाखाली काय होतं हेही कौशल्यच आहे, नशीब नाही. त्यासाठी २०२३-२४ बघा.

त्या हंगामात काय काय झालं! आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सहापैकी सहा हरलो. नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला, मधेच. पेत्र क्राटकी आला. डिसेंबरमध्ये मोहन बागानविरुद्ध अंधेरीत सात लाल कार्डं निघाली, तरी २-१ जिंकलो. जानेवारीत स्ट्युअर्ट सोडून गेला. आदल्या वर्षीचा संघ निम्मा उरला नव्हता. तरीही शेवटच्या दिवसापर्यंत टेबलमध्ये पहिले, ४७ गुण. १५ एप्रिलला सॉल्ट लेकवर बरोबरी पुरेशी होती. १-२ हरलो, मोहन बागान ४८. शील्ड डोळ्यांसमोर गेली.

नऊ दिवसांनी फातोर्डा, सेमीची पहिली लेग. ८९ मिनिटं झाली, गोवा २-०. मी टीव्ही बंद करायला उठलो होतो. छांगटे, २-१. विक्रम प्रताप, २-२. परत छांगटे, ३-२. ९० ते ९६, सहा मिनिटं. घरी दुसरी लेग २-० जिंकलो.

४ मे. तेच सॉल्ट लेक, तोच मोहन बागान, साठ हजारांहून जास्त माणसं, सगळी त्यांची. हाफटाइमच्या तोंडावर कमिंग्जने गोल केला. एकोणीस दिवसांपूर्वी याच गवतावर शील्ड गमावलेला संघ इथे कोसळायला हवा होता. पेरेरा दियाझ १-१. ८१ व्या मिनिटाला बिपिन, २०२१ चाच बिपिन. शेवटी वोइतुश, ३-१. कप उचलला कप्तान राहुल भेकेने.

नेरूळकर, तुमचा संघ जास्त सुंदर होता. पण माझा संघ पडून उठला.

सासष्टीचो_मोग

त्या सहा मिनिटांना मी स्टेडियमात होतो. त्यावर मला काही लिहायचं नाही. पण मत विचाराल तर नेरूळकर बरोबर आहेत. २०२२-२३ ची मुंबई आमच्या मैदानावर पाच गोल करून गेली तेव्हा आमच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही.

रेवती_के

मी दोघांच्या मधे. एक जाणवलं: २०१५ चा छेत्री २०२३ ला, गोयान २०२० ला, आणि उलट दिशेने गोव्याचे ते पाच. आपल्या प्रत्येक मोठ्या दिवशी समोर किंवा आत कुणीतरी आधीचं ओळखीचं असतं.

२०२४-२५ तर तसाच संपला. भेके आणि पेरेरा दियाझ दोघेही बंगळुरूला, अपुइया मोहन बागानला. आपण सहावे, कसेबसे प्लेऑफमध्ये. २९ मार्चला कांतीरवाला ०-५. गोल करणाऱ्यांत छेत्री होता आणि दियाझही. दहा महिन्यांपूर्वी कप उचलणारा भेके त्यांच्या बचावात. बाबा शेजारी बसले होते, म्हणाले, "पाच खाल्ले तर खाल्ले, संघ आहे ना जागेवर?" महिंद्रावाल्या माणसाचा प्रश्न तो.

नेरूळकर

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

बालेवाडीकर, तुम्ही काहीतरी लिहिणार होतात.

बालेवाडी_पूर्व_स्टँड

हो. २०१७-१८ तुम्ही एका शब्दात उरकलंत. आमचा तो सर्वोत्तम हंगाम होता. मार्सेलिन्यो, अल्फारो, सेमीपर्यंत गेलो. दुसऱ्या वर्षी पैशाची ओढाताण सुरू झाली आणि २०१९ मध्ये क्लबच बंद. ती जागा हैदराबादला गेली. शील्ड की कप असा वाद घालायलाही आधी क्लब लागतो.

त्यानंतर चार वर्षं मी बालेवाडीच्या बाजूला फिरकलो नाही. मग मुंबई सिटीने चॅम्पियन्स लीगसाठी तेच मैदान घेतलं. १८ सप्टेंबर २०२३, इराणचा नस्साजी. मुलगा मागे लागला म्हणून गेलो. तुमच्या रंगाचं माझ्याकडे काही नव्हतं, आणि आमची केशरी जर्सी घालून यायला मन होईना, म्हणून साधा पांढरा शर्ट घातला. पूर्वीच्याच स्टँडमध्ये बसलो.

०-२ हरलात. पण दुसऱ्या हाफमध्ये कधीतरी छांगटे आमच्या बाजूने बॉल घेऊन सुटला आणि मी उभा राहिलो, "मार!" म्हणून ओरडलो. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. ५-० च्या रात्री घाटात जे लोक माझ्यासोबत गप्प बसले होते, त्यातले दोघे चार रांगा खाली होते. तेही उभे होते.

डिसेंबरमध्ये उझबेकिस्तानच्या नवबहोरच्या मॅचला आम्ही तिघं एकत्र गेलो.

नेरूळकर

पुढच्या हंगामात तुमच्या मुलाला घेऊन अंधेरीला या. माझा भाचा असेलच. तिकिटं मी काढतो.